वारा वाढला, तर खोड्या वाढतात का?

जोराचा वारा दांडगट आणि मंद वारा गुणी बाळ, असंच वाटतं ना? समुद्रावर मात्र हा हिशेब साफ चुकतो.

जर्मनीच्या बोर्कुम बेटापासून साधारण 45 किलोमीटर उत्तरेला, भर समुद्रात फिनो-1 नावाचा लोखंडी चौथरा 2003 पासून उभा आहे. तिथे माणसं राहत नाहीत. आहे तो एक उंच जाळीदार मनोरा, आणि त्याच्या आडव्या दांड्यांवर बसवलेल्या छोट्या वाट्या. वारा आला की वाट्या गरागरा फिरतात आणि त्याचा वेग नोंदला जातो, क्षणाक्षणाला.

मग दर दहा मिनिटांची सरासरी काढायची आणि वारा तिच्या किती वर-खाली उड्या मारतो ते बघायचं. या उड्या म्हणजे वाऱ्यातली खळबळ. ती सरासरीच्या किती टक्के, हे खरं महत्त्वाचं. समजा, वारा सेकंदाला 4 मीटर वेगाने वाहतोय आणि अर्ध्या मीटरने वर-खाली होतोय. अर्धा मीटर तो काय! पण चारातला अर्धा म्हणजे 12 टक्क्यांहून जास्त. तोच अर्धा मीटर 10 मीटरच्या वाऱ्यात फक्त 5 टक्के.

मंद वाऱ्यात या उड्या येतात कुठून? पाणी हवेपेक्षा उबदार असलं की त्याला टेकलेली हवा तापते आणि शिजणाऱ्या भातातल्या बुडबुड्यांसारखी वर उसळते. मंद वारा त्या धक्क्यांनी डळमळतो. वेग वाढला की तेच धक्के त्याच्यापुढे किरकोळ ठरतात. म्हणून समुद्रावरचा वारा सेकंदाला 10-12 मीटरच्या आसपास सगळ्यात शहाणा असतो. तेव्हा खळबळ उरते जेमतेम 6 टक्के!

त्याहून जोर वाढला तर? टक्के पुन्हा हळूहळू चढू लागतात. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. जमिनीवर वारा वाढला म्हणून घरं, झाडं, डोंगर काही उंच होत नाहीत. लाटा होतात! वाराच त्यांना उठवतो आणि मग त्यांच्यावरून जाताना स्वतःच अडखळतो. वाऱ्याबरोबर पाण्याचा खडबडीतपणा किती वाढतो, याचं एक सूत्र हेन्री चार्नॉक या शास्त्रज्ञांनी 1955 मध्ये मांडलं. ते आजही वापरात आहे.

पवनचक्की बांधणाऱ्या इंजिनिअरना हे टक्के लागतातच. वाऱ्याच्या प्रत्येक उडीबरोबर पाती किंचित वाकतात, पुन्हा सरळ होतात. वर्षानुवर्षं असं चाललं की ती थकतात, चिराही पडू शकतात.

आता एक गंमत ऐका. फिनो-1 च्या पूर्वेला, अगदी शेजारी, 2010 मध्ये 12 पवनचक्क्या सुरू झाल्या. नाव अल्फा व्हेंटुस. फिरणाऱ्या पात्यांमागे वारा घुसळून निघतो. त्यामुळे पूर्वेचा वारा सुटला की वाट्यांपर्यंत पोचतो तो असा घुसळलेला वारा, आणि समुद्राची खळबळ कोणती नि चक्क्यांची कोणती, हे शास्त्रज्ञांना निवडत बसावं लागतं.