पाटी आणि तपासणी

जिल्हा परिषदेची शाळा असो, ग्रामपंचायत असो वा पोलीस ठाणे, दर्शनी भिंतीवर ‘आयएसओ मानांकित’ ही पाटी महाराष्ट्रात आता नवलाची राहिलेली नाही. पाटी लागली की हारतुरे होतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. परंतु ती पाटी नेमके काय सांगते आणि कशाविषयी मौन पाळते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

गैरसमज नावापासूनच सुरू होतो. जिनिव्हास्थित आयएसओ ही संघटना मानके रचते. प्रमाणपत्र ती कोणालाही देत नाही. गुणवत्ता-व्यवस्थापनाची ‘९०००’ ही मानकमाला तिने १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केली. त्यानुसार परीक्षण करून प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्याही शुल्क घेऊन. या संस्थांची पात्रता तपासून त्यांना अधिस्वीकृती देणारे मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेच्या छत्राखाली आहे. तथापि अशी अधिस्वीकृती नसलेल्यांचीही प्रमाणपत्रे बाजारात मिळतात, आणि भिंतीवर टांगल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

परीक्षणाचे टप्पे दोन. पहिल्यात कागदपत्रे व तयारी पाहिली जाते. दुसऱ्यात परीक्षक जागेवर येतो. तुम्ही जे लिहिले आहे तेच करता काय, हा त्याचा मूळ प्रश्न. तो सारे दप्तर उलगडीत नाही. तक्रारवहीतील पाचसहा नोंदी उचलायच्या आणि प्रत्येकीचे पुढे काय झाले याचा माग काढायचा, अशी ही नमुना-तपासणी असते. गंभीर त्रुटी आढळल्यास ती दूर झाल्याची खात्री पटेपर्यंत प्रमाणपत्र थांबते. अंतिम निर्णयही परीक्षक स्वतः घेत नाही. संस्थेतील दुसऱ्या व्यक्तीने तो घ्यावा असा दंडक आहे. त्यानंतर दरवर्षी पाहणी आणि तीन वर्षांनी पुन्हा संपूर्ण परीक्षण. एका कारकुनाच्या रजेने सारे टेबल ठप्प होणाऱ्या कचेरीला कार्यपद्धती लेखी उतरवल्याचा लाभ होतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण ही व्यवस्था कोठे फसते, हे कराचीत दिसले. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी या कारखान्याला एका इटालियन संस्थेकडून ‘एसए ८०००’ प्रमाणपत्र मिळाले होते. हे मानक आयएसओचे नव्हे; न्यूयॉर्कच्या एका संस्थेचे आहे, आणि कामगारांची सुरक्षितता हाच त्याचा एक मुख्य विषय. प्रत्यक्षात खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. आग मुद्दाम लावली गेली, असा निर्णय देऊन कराचीच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. परंतु आग कोणी लावली हा एक प्रश्न. माणसे बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. परीक्षणाचा संबंध होता तो या दुसऱ्या प्रश्नाशी.

येथे एकट्या परीक्षकाला दोष देणे सोपे, पण अपुरे आहे. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच पैशावर परीक्षा मंडळ चालले, तर निकालाचे काय होईल हे शिक्षकांना सांगावयास नको. नापास करणारी संस्था पुढच्या खेपेस गिऱ्हाईक गमावते. त्यातून भेटीची तारीख बहुधा आधीच ठरलेली असते. शाळा-तपासणीच्या आदल्या दिवशी तक्ते कसे भिंतीवर चढतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक विस्तार नको. मालकाच्या समोर कामगार काय बोलणार? आणि परीक्षणाचा अहवाल सामान्यतः गोपनीय. लोकांच्या वाट्याला येते ते केवळ प्रमाणपत्र. काही भेटी अघोषित असाव्यात, कामगारांशी एकान्तात बोलणे व्हावे आणि सुरक्षिततेपुरता तरी अहवाल खुला असावा, या मागण्या म्हणूनच अवाजवी म्हणता येत नाहीत.

तोवर पाहणाऱ्याने पाटीवर न थांबता मूळ प्रमाणपत्र मागावे. ते कोणत्या शाखेला व कोणत्या कामाला लागू आहे, हे त्यावर लिहिलेले असते. दहा शाखांच्या संस्थेत ते एकाच शाखेचेही असू शकते. अधिस्वीकृतीचे चिन्ह आहे की नाही, हेही तेथेच कळते. आणि मुदत. ती पाटीवर सहसा रंगवलेली नसते.