जलरंग चित्रकारांची संस्था : उपक्रम आणि कार्यशाळा

प्रस्तावना

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत जलरंग हाताळले आहेत. बारा वड्यांची पेटी, पाण्याचा पेला आणि चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद. थोड्या वेळाने कागद फुगतो, रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात आणि ‘मला चित्रकला जमत नाही’ असे ठरवून आपण पेटी बंद करतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष हाताचा नसतो. कागद अपुरा असतो आणि रंग केव्हा लावायचा, केव्हा थांबायचे हे कोणी समोर बसून दाखवलेले नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम जलरंग चित्रकारांच्या संस्था करतात. प्रात्यक्षिक, कार्यशाळा, बाहेर जाऊन केलेले चित्रण, चित्रचर्चा आणि वार्षिक प्रदर्शन हे त्यांचे नेहमीचे उपक्रम होत. वरवर पाहता ते हौशी मंडळाचे कार्यक्रम वाटतात. परंतु प्रत्येक उपक्रमामागे या माध्यमाची एखादी अडचण असते. ती अडचण कोणती आणि उपक्रम तिला कसे उत्तर देतो, हे या पाठात पाहू.

माध्यमाचा स्वभाव

जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि ते कागदाला धरून ठेवणारा डिंक. रंगाची वडी कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मधासारखा पदार्थ मिसळतात. रंगाचा थर पारदर्शक असल्याने प्रकाश त्यातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणून पारदर्शक जलरंगात पांढरा भाग म्हणजे मोकळा ठेवलेला कागद. तेलरंगात चुकलेली जागा वरून झाकता येते. येथे गडद झालेली जागा पूर्ववत पांढरी करणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरी गोष्ट वेळेची. ओल्या कागदावर प्रथम पाण्याची चकाकी दिसते. थोड्या वेळाने चकाकी मावळते, पण तळहाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. शेवटी तो पूर्ण कोरडा होतो. या तीन अवस्थांत एकाच कुंचल्याचा एकच फटकारा तीन वेगळे परिणाम देतो. पहिल्या अवस्थेत रंग पसरून विरतो. दुसऱ्या अवस्थेत त्याच्या कडा मऊ राहतात. तिसऱ्या अवस्थेत कडा धारदार उमटते. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याने भरलेला कुंचला टेकवला, तर जास्तीचे पाणी कमी ओल्या भागाकडे सरकते, वाटेतील रंगद्रव्य ढकलत नेते आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग तयार होतो.

शिवाय वाळल्यावर रंग फिका दिसतो. म्हणजे चित्रकाराला आजचा रंग पाहून उद्याचा रंग ओळखावा लागतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पूर्ण झालेल्या जलरंगचित्रात परिणाम दिसतो, क्षण दिसत नाही. कोणती जागा किती ओली असताना रंगवली, हे भिंतीवरचे चित्र पूर्णपणे सांगत नाही. ते काम होत असतानाच पाहावे लागते. संस्थेची गरज येथून सुरू होते.

पहिली संस्था : लंडन, १८०४

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जलरंगाला मागणी होती, प्रतिष्ठा मात्र कमी होती. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनांत जलरंगचित्रे मोठ्या, भडक तेलचित्रांच्या शेजारी फिकी पडत. केवळ जलरंगात काम करणाऱ्यांना अकॅडमीचे सदस्यत्वही मिळत नसे.

३० नोव्हेंबर १८०४ रोजी काही चित्रकारांनी एकत्र येऊन केवळ जलरंगासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. एप्रिल १८०५ मध्ये तिचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात सोळा चित्रकार सहभागी होते आणि अकरा हजारांहून अधिक लोकांनी पैसे मोजून ते पाहिले. हीच संस्था आज रॉयल वॉटरकलर सोसायटी म्हणून ओळखली जाते. तिला ‘रॉयल’ ही उपाधी १८८१ मध्ये मिळाली.

संस्थेचा प्रवास सरळ नव्हता. चित्रविक्री घटल्यावर १८१२ मध्ये ती विसर्जित करावी लागली. काही सदस्यांनी ती पुन्हा उभी केली, पण प्रेक्षक टिकवण्यासाठी तेलरंगांनाही प्रवेश द्यावा लागला. १८२० मध्ये ती पुन्हा केवळ जलरंगाकडे वळली. उत्साहावर संस्था सुरू होते, पण खर्चाचा मेळ बसला नाही तर तिचा मूळ हेतूच बदलू शकतो, हे या काही वर्षांत दिसून आले.

या संस्थेच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी अनेक जण चित्रकलेच्या शिकवण्या करत. जॉन व्हार्ली हे त्यांपैकी एक. पुढे नावाजलेले कितीतरी चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. प्रदर्शन आणि शिक्षण यांचे नाते असे आरंभापासूनचे आहे.

भारतातील वाटचाल

भारतात जलरंगाच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला विद्यालयातून पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण मिळू लागले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्था निघाल्या. त्या केवळ जलरंगासाठी नव्हत्या, पण त्यांच्या प्रदर्शनांमुळे जलरंगकारांना प्रेक्षक आणि स्पर्धा दोन्ही मिळाले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ परिसर वेगवेगळ्या प्रहरांच्या प्रकाशात रंगवला. सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक प्रेक्षकांना ते तेलचित्र वाटते, प्रत्यक्षात ते जलरंगात केलेले आहे.

दुसरी वाट कोलकात्याची. १९०३ च्या सुमारास योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार तेथे आले होते. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी वॉश पद्धती विकसित केली. रंग वाळल्यावर कागद पाण्यातून काढायचा, पुन्हा रंग चढवायचा, असे अनेक वेळा केल्याने चित्राला धूसर खोली येते. १९०७ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने या धारेला व्यासपीठ दिले. माध्यम तेच, पण एका वाटेत क्षण पकडण्याची घाई आणि दुसरीत थर साठण्याची प्रतीक्षा. कार्यशाळेत दोन्ही पद्धती शिकवल्या गेल्या, तर विद्यार्थ्याला जलरंगाचा पूर्ण पल्ला समजतो.

संस्थेचे प्रमुख उपक्रम

१. प्रात्यक्षिक : अनुभवी चित्रकार सदस्यांसमोर एक चित्र आरंभापासून अखेरपर्यंत करून दाखवतो. येथे पाहण्यासारखी गोष्ट फटकारे नव्हेत, तर त्यांच्यामधले थांबणे. चित्रकार कुंचला फडक्याला का टिपतो? फळी कलती का धरतो? आकाशाचा लेप दिल्यावर लगेच डोंगर न रंगवता चकाकी जाण्याची वाट का पाहतो? श्रोत्यांनी हे प्रश्न त्या त्या क्षणी विचारावेत आणि चित्रकाराने काम करतानाच उत्तर द्यावे, अशी चांगल्या संस्थेत पद्धत असते. चित्रफितीत अनेकदा वाळण्याचा वेळ कापून टाकलेला असतो. शिकण्याचा मोठा भाग नेमका त्याच वेळात असतो.

२. सरावाची कार्यशाळा : प्रात्यक्षिक पाहून समज येते, हात तयार होत नाही. म्हणून कार्यशाळेत एका वेळी एकच कौशल्य घ्यावे. पहिल्या दिवशी सपाट लेप, मग गडदाकडून फिक्याकडे जाणारा लेप, मग ओल्यावर ओले आणि ओल्यावर कोरडे काम. त्यानंतर एकाच रंगात गडद-फिकेपणाचा अभ्यास, आणि शेवटी दोन-तीन रंगांत पूर्ण चित्र. अशा कामासाठी सुमारे ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद योग्य, कारण तो भिजल्यावर पातळ कागदाइतका फुगत नाही. तो महाग असल्याने संस्था मोठे ताव एकत्र विकत घेऊन सदस्यांना तुकडे करून देऊ शकते. हा छोटा व्यवहार पुष्कळदा शिकवणीइतकाच उपयोगी पडतो.

३. स्थळचित्रण : सुटीच्या सकाळी सदस्य घाट, बाजार, देऊळ किंवा जुन्या वाड्यासमोर बसून चित्रे काढतात. प्रकाश सरकत असतो, म्हणून दोन तासांत सावल्यांची दिशा बदलते. सावल्यांचा आराखडा आधी ठरवणे आणि नंतर तो न बदलणे ही शिस्त येथे लागते. हवामानही शिकवते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात लेप पाहता पाहता वाळतो. जुलैत कोकणात तोच लेप बराच वेळ ओला राहतो. पुस्तकातील ‘पाच मिनिटे थांबा’ ही सूचना दोन्ही ठिकाणी चुकीची ठरते. कागदाकडे पाहूनच वेळ ओळखावी लागते.

४. चित्रचर्चा : आपल्या चित्रातील चूक आपल्याला सहसा दिसत नाही, कारण मनातला हेतू आपण चित्रात पाहत असतो. यासाठी सर्वांची चित्रे एकाच उजेडात ओळीने लावून चर्चा करतात. ‘छान आहे’ किंवा ‘जमले नाही’ एवढ्याने काही साधत नाही. पुढील प्रश्न अधिक उपयोगी पडतात. नजर प्रथम कोठे जाते? सर्वांत पांढरी जागा कोणती आणि ती तेथेच हवी होती का? वाळल्यावर पुन्हा कोठे हात फिरवला? चित्रकाराने शेवटी बोलावे. आधी बोलला तर इतर जण त्याचे स्पष्टीकरण पाहतात, चित्र पाहत नाहीत.

५. वार्षिक प्रदर्शन : प्रदर्शनामुळे वर्षभराच्या कामाला मुदत मिळते. निवड समितीने नाव झाकून चित्रे पाहिली तर जुन्या-नव्या सदस्यांना समान संधी राहते. प्रत्येक नाकारलेल्या चित्राबाबत एक-दोन वाक्यांत कारण कळवणे हे समितीचे कर्तव्य मानावे. कारण न कळता नकार मिळालेला नवखा सदस्य बहुधा पुढच्या वर्षी फिरकत नाही.

रंगाचा टिकाऊपणा : एक जबाबदारी

जलरंगाचे थर पातळ असतात, त्यामुळे उजेडाचा परिणाम त्यांच्यावर लवकर होतो. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात या विषयावर मोठा वाद झाला. रसेल आणि अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल दिला. त्यात प्रकाशामुळे अनेक रंग उडतात हे दाखवले होते. प्रकाशातील निळ्या-जांभळ्या बाजूचे किरण अधिक अपायकारक असल्याचेही आढळले. कार्माइनसारखे काही सुंदर लाल रंग लवकर फिके होतात. आज संग्रहालये जलरंगचित्रांवर सुमारे ५० लक्सइतकाच प्रकाश ठेवतात.

प्रदर्शनात चित्र विकत घेणारा सामान्य माणूस विश्वासाने पैसे देतो. पाच वर्षांत त्यातील गुलाबी फूल पांढुरके झाले, तर फसवणूक त्याची होते आणि नाव संस्थेचे जाते. म्हणून रंगाच्या नळीवरील टिकाऊपणाची खूण वाचणे, आम्लविरहित माउंट वापरणे आणि थेट उन्हात चित्र न लावण्याची सूचना ग्राहकाला देणे, या गोष्टी कार्यशाळेच्या अभ्यासक्रमात असाव्यात. घरी प्रयोगही करता येतो. रंगाच्या पट्ट्या काढून त्यांचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि कागद काही महिने खिडकीत ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर कोणता रंग विश्वासू आहे ते कळते.

संस्थेपुढील एक धोका

लोकप्रिय शिक्षक हे संस्थेचे बळ असते, तसाच तो धोकाही असतो. त्यांच्या कार्यशाळेनंतर भरलेल्या प्रदर्शनात तोच घाट, तेच ओले आकाश आणि तीच छत्री घेतलेली आकृती अनेक चौकटींत दिसू लागते. तंत्र पोचले, दृष्टी पोचली नाही, याची ही खूण आहे. यावर दोन उपाय करता येतात. वर्षभरात वेगवेगळ्या पद्धतींच्या चित्रकारांना बोलवावे. तसेच कार्यशाळेच्या दुसऱ्या सत्रात शिक्षकाचे चित्र उतरवण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या गल्लीतील, घरातील किंवा शेतातील विषय आणावा.

महाविद्यालयात आरंभ

अशी संस्था काढण्यासाठी कलाशाखाच हवी असे नाही. आठ-दहा विद्यार्थी, महिन्यातून एक सकाळ, सामायिक वर्गणीतून घेतलेला कागद आणि वर्षअखेर वाचनालयाच्या भिंतीवर एक प्रदर्शन, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. हिशेब पहिल्या दिवसापासून लिहावा. प्रत्येक भेटीत थोडा वेळ चर्चेसाठी राखावा.

सारांश

जलरंगात चूक झाकता येत नाही आणि योग्य क्षण पुन्हा येत नाही. त्यामुळे तो एकट्याने, केवळ पूर्ण झालेली चित्रे पाहून शिकणे अवघड जाते. प्रात्यक्षिकातून क्षण दिसतो, सरावातून हात तयार होतो, स्थळचित्रणातून हवामान कळते, चर्चेतून स्वतःची चूक दिसते आणि प्रदर्शनातून जबाबदारी येते. शाळेत बंद केलेली ती पेटी अजून घरात असेल, तर पुन्हा उघडून पाहा. वाळलेल्या वडीवर थोडे पाणी पडले की ती बहुतेक वेळा पुन्हा रंग देते.

विचारासाठी प्रश्न

१. जलरंगात पांढऱ्या जागेचे नियोजन आधी का करावे लागते?
२. १८१२ ते १८२० या काळातील लंडनच्या संस्थेच्या अनुभवातून आजच्या लहान संस्थांनी काय शिकावे?
३. आपल्या गावातील एक जागा निवडा. सकाळी आणि दुपारी तेथील सावल्यांची दोन कच्ची रेखाटने करून त्यांतील फरक नोंदवा.