नेट मंद की वाय-फाय मंद? आधी राउटरवर तपासा



गणेशोत्सवातल्या व्याख्यानाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले की आमच्याकडे फोन येऊ लागतात. कुणाचा आवाज तुटतो, कुणाचे चित्र थांबते. मग बरेच जण कंपनीला बोल लावतात किंवा घाईने महागडा प्लॅन घेतात. आमच्यापैकी एकांनी असाच १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० वर नेला. मागच्या खोलीतून नातवंडांशी होणारा व्हिडिओ कॉल मात्र पूर्वीसारखाच अडत राहिला. दोष लाइनमध्ये नव्हताच, मधल्या जाड भिंतीत होता. म्हणून पैसे खर्च करण्याआधी करायची एक साधी तपासणी इथे सांगत आहोत.

घरात इंटरनेट दोन टप्प्यांनी पोहोचते. पहिला टप्पा कंपनीपासून राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंत. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर दोन्हींचा एकत्र निकाल दिसतो आणि अडथळा कुठे आहे ते कळत नाही. पहिला टप्पा वेगळा मोजायचा तर चाचणी राउटरवरच करावी.

कशी करावी?

१. राउटरच्या मागे किंवा खाली चिकटवलेले लेबल पाहा. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो. बहुधा लॉगिनचे नाव व पासवर्डही असतो.

२. घरच्या वाय-फायवर असताना तो पत्ता (इंग्रजी आकड्यांत) ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा.

३. मेनूमध्ये 'स्पीड टेस्ट' शोधा. काही राउटरच्या मोबाइल ॲपमध्येही ही सोय असते.

४. चाचणीपूर्वी टीव्ही आणि इतर मोबाइलवरचे व्हिडिओ बंद करा.

सगळ्याच राउटरमध्ये ही सोय नसते. तसे असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करा आणि नेहमीची स्पीड टेस्ट करा. यातही वाय-फाय बाजूला राहते.

आकडे कसे वाचावेत?

डाउनलोड म्हणजे आपल्याकडे येणारा वेग, अपलोड म्हणजे आपल्याकडून जाणारा. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला आपण नीट दिसायचे तर अपलोडही चांगला हवा. पिंग म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ. तो जितका कमी तितके चांगले. प्लॅनमधला 'एमबीपीएस' मेगाबिटचा असतो आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट या वेगाने उतरते. ती फसवणूक नव्हे.

पुढे काय?

राउटरवर वेग पुरेसा आणि मोबाइलवर कमी, तर प्लॅन वाढवू नका. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाटाआड नको. जवळ बसणाऱ्यांनी ५ गीगाहर्ट्झचे नेटवर्क वापरावे, ते वेगवान असते. भिंतींपलीकडे २.४ गीगाहर्ट्झचे अधिक दूर पोहोचते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींना मात्र मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन दुसरा राउटर बसवणे हाच खात्रीचा उपाय.

प्लॅन २०० किंवा ३०० चा असूनही केबलवर आकडा ९४-९५ ला अडकत असेल, तर राउटरचे पोर्ट, लॅपटॉपचे पोर्ट किंवा केबल यांपैकी काहीतरी १०० च्याच क्षमतेचे असण्याची शक्यता मोठी.

राउटरवरच वेग कमी असेल तर तो एकदा बंद करून चालू करा आणि सकाळी, दुपारी, रात्री ९ च्या सुमारास असे दोन-तीन दिवस आकडे लिहून ठेवा. तारीख-वेळेसह हे आकडे दाखवून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. नुसते 'नेट चालत नाही' म्हणण्यापेक्षा असा कागद टाळणे कठीण जाते.

ज्येष्ठ सभासदांच्या घरी ही तपासणी तरुण मंडळींनी आवर्जून करून द्यावी. दहा मिनिटांचे काम आहे, पण परगावच्या मुला-नातवंडांशी होणारे बोलणे त्यावर अवलंबून असते.