चांदीचे दोन काळे रंग

लक्ष्मीपूजनासाठी कपाटातला राणीछाप रुपया काढला, की तो बहुधा काळवंडलेलाच निघतो. दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातल्या तांड्यांवर घुगऱ्या, टोपल्या, हसळ्या हे चांदीचे जुने दागिने अजून जपलेले आहेत; त्यांचंही तेच. याच तालुक्यांतल्या मतदारांच्या बोटांवर 2024 साली दोनदा, 26 एप्रिलला लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी, शाईची रेघ ओढली गेली. तो काळेपणाही चांदीचाच. तरी हे दोन काळे रंग एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

चांदीच्या अणूत 47 इलेक्ट्रॉन असतात. त्यातला सर्वांत बाहेरचा एकटा असतो आणि तोच काय तो सहज सुटतो. तो गेला की चांदीची ऑक्सिडीकरण अवस्था शून्यावरून +1 होते. तो काढायला मोलमागे 731 किलोज्यूल ऊर्जा लागते. दुसऱ्याला 2070, म्हणजे जवळजवळ तिप्पट. चांदीची रोजच्या वापरातली जवळपास सगळी संयुगं +1 वर थांबतात ती म्हणूनच.

राणीछाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, उरलेलं तांबं. नुसत्या ऑक्सिजनला चांदी घरातल्या तापमानाला दाद देत नाही. पण हवेत हायड्रोजन सल्फाइड असला, मग तो नालीतून आलेला का असेना, की ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि गंधक चांदीशी जोडलं जातं. तयार होतं ते काळं सिल्व्हर सल्फाइड. रबरबँड लावून ठेवलेल्या जोडव्यांवर नेमकी रबराच्या जागी काळी पट्टी उमटते, कारण रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घातलेलं असतं. म्हणजे दागिन्यावरच्या काळ्या थरातली चांदी +1 आहे. तिने इलेक्ट्रॉन गमावला आहे.

बोटावर उलटं घडतं. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदी आधीच +1 असते. घामातल्या मिठाशी गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड होतं. ते पाण्यात विरघळत नाही. मग उजेड पडला की चांदीला इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि ती पुन्हा धातू होते, पण इतक्या बारीक कणांची, की चमकण्याऐवजी काळी दिसते. साबणाने ती निघत नाही; कातडी झडते, नख वाढतं, तेव्हाच जाते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची 1913 सालची चित्रंही चांदीच्या अशाच क्षारांवर उमटली होती. लोकशाहीतला एक साधा, स्वस्त आणि भरवशाचा पहारा या एका इलेक्ट्रॉनच्या परतण्यावर उभा आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

+1 च्या पुढे चांदीला नेता येतं, पण जबरदस्तीने. फ्लोरिनसारखा हावरा जोडीदार असला तर ती +2 होते. ते सिल्व्हर डायफ्लोराइड पाण्याशीही स्वस्थ बसत नाही. पोटॅशियम आणि फ्लोरिनसोबतच्या एका पिवळ्या संयुगात तर ती +3 असते. सर्वांत चकवणारं आहे ते चांदी आणि ऑक्सिजनचं संयुग, AgO. सूत्र पाहून कुणीही +2 म्हणेल. पण तसं असतं तर प्रत्येक अणूत एक एकटा इलेक्ट्रॉन उरला असता आणि चुंबकाने ही पूड ओढली असती. ती ओढली जात नाही. निम्मे अणू +1 आणि निम्मे +3 आहेत; दोन ही केवळ त्यांची सरासरी.

घरातली चांदी उजळायची असेल तर घासू नका. घासताना सल्फाइडसोबत चांदीही जाते. भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर चांदी टेकेल अशी ठेवा आणि खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओता. अॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन चांदीला देतं आणि गंधक सुटतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. खडे बसवलेले किंवा मुलामा दिलेले जिन्नस मात्र यात टाकू नयेत. आणि तांड्यावरच्या जुन्या घुगऱ्यांची नक्षी खाचांतल्या काळ्या थरामुळेच उठून दिसते. त्या नुसत्या मऊ कापडाने पुसाव्यात.