शिळ्या पावाचा फ्रेंच थाट

रविवारची सकाळ. खरं तर साडेअकरा वाजलेत, पण आपण तिला सकाळच म्हणायचं. डबा देणाऱ्या काकूंची सुट्टी, रूममेट गावी गेलेला. फ्रीजमध्ये दोन अंडी, थोडं दूध आणि बुधवारी आणलेला, आता कडक झालेला अर्धा ब्रेड. एक हात पिझ्झा ऑर्डर करायला फोनकडे वळतो, दुसरा ब्रेड टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे.

थांबा, बॉस! तुमचा ब्रेकफास्ट त्या ब्रेडमध्येच आहे.

फ्रेंच टोस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हॉटेलातला संडे ब्रंच. वर मेपल सिरप, बाजूला स्ट्रॉबेरी, आणि बिल बघून घाम. पण फ्रान्समध्ये याला म्हणतात 'पँ पेर्द्यू', म्हणजे चक्क 'वाया गेलेला पाव'! जर्मनीत हाच पदार्थ 'आर्मे रिटर', गरीब बिचारे सरदार. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी 'तोर्रिखास' होतात, पोर्तुगालमध्ये ख्रिसमसला 'राबानादास'. हाँगकाँगवाले तर दोन स्लाइसच्या मध्ये पीनट बटर भरून तळतात.

आणि शोध फ्रेंचांचा? छे! 'आपिसियस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतायला सांगितलंय.

फंडा सगळीकडे एकच. काल उरलेल्या पावाला आज पुन्हा ताटात मानाने बसवायचं. यात आपल्याला नवीन काय? रात्रीच्या पोळ्या उरल्या की आपल्या आया सकाळी फोडणीची पोळी करतात, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू वळतात. पँ पेर्द्यू ही तिचीच लांबची फ्रेंच मावशी!

चला, गॅस पेटवा

दोन अंडी, अर्धा कप दूध, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा जायफळ छान फेटा. एवढ्यात चार स्लाइस आरामात होतात. मिश्रण ताटलीत ओता, म्हणजे स्लाइस आडवी बुडेल.

ब्रेड शिळाच हवा. ताजा ब्रेड मऊ असतो, दुधात पडला की लगदा. कडक झालेला मात्र दूध-अंडं पिऊनही उभा राहतो. (शिळा म्हणजे कडक, बुरशी आलेला नव्हे. बुरशी दिसली तर अख्खा ब्रेड बिनधास्त फेका.) पातळ स्लाइस प्रत्येक बाजूने दहा-पंधरा सेकंद बुडवा. अख्ख्या पावाचे जाड काप केले असतील तर दोन-दोन मिनिटं द्या.

तव्यावर बटर आणि थोडंसं तेल टाका. आच मध्यमपेक्षा कमी. घाई केलीत तर बाहेरून काळा, आतून कच्चा! दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की उतरवा. वर मध घाला किंवा नुसती साखर भुरभुरा. गोड नको? मग साखर-वेलचीला सुट्टी द्या आणि कांदा, मिरची, कोथिंबीर घाला. आपला देशी अवतार तयार.

पहिला टोस्ट बिघडला तर?

बिघडू दे! 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (1979) आठवतोय? बायको घर सोडून गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डस्टिन हॉफमन छोट्या मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला उभा राहतो. स्लाइस मगात मावत नाही, पॅनचा चटका बसतो, किचनचा बट्ट्याबोळ. सिनेमाच्या शेवटी तेच दोघं पुन्हा फ्रेंच टोस्ट करतात. एकही शब्द न बोलता, एकमेकांच्या हाताला हात लावून. मधल्या काळात तो काही शेफ झालेला नसतो. रोज सकाळी कुणासाठी तरी ओट्याशी उभं राहायला शिकलेला असतो, बस्स.

घरापासून लांब, एकटं राहताना आपणही हेच तर शिकत असतो ना? आधी स्वतःपुरतं, मग आणखी कुणासाठी. म्हणून चार स्लाइस करा. दोन तुमच्या, आणि दोन गावाहून दमून येणाऱ्या रूममेटसाठी झाकून ठेवा. तव्यावर गरम करून दिल्यात तर पुढच्या रविवारी तो भांडी घासेल. कदाचित!