बाराकारची रेघ

सकाळी साडेपाच. मे महिन्यात वणीकडे उघड्यावर काम करायचं तर उन्हाच्या आधी. कोळशाच्या शोधात बोअर घेणारी रिग रात्रभर चालूच असते. रात्रपाळीने काढलेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, पेट्यांत मांडून ठेवलेला असतो.

सहा. कोअर धुऊन वाचायला बसतो. वर काळी माती, मग कामठी या खडकथराचा तांबूस, भरड वालुकाश्म. यात कोळसा नाही, म्हणून नवखे इथं घाई करतात. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवतो. कामठी संपून त्याखालचा, कोळसा असणारा बाराकार कुठे सुरू होतो, ती रेघ चुकली तर पुढचा हिशेबच चुकला. बाराकारचा वालुकाश्म पांढरट-करडा, फेल्डस्पारच्या दाण्यांचा; मधूनमधून शेल. तो फोडला की कधी ग्लोसोप्टेरिसचं अख्खं पान हाती येतं. हिमयुग ओसरल्यावर, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, या खचत्या खोऱ्यातल्या दलदलीत हीच झाडं गाडली गेली.

साडेनऊ. रिगवरचे काका ओरडतात, "साहेब, पाणी काळं येऊन राह्यलं!"

कोळसा लागला. आता बेतानं, कोअर चुरला तर जाडी कशावरून लिहायची? वर्धा खोऱ्यातला मुख्य थर १५ मीटरांच्याही पुढे जातो, पण मध्ये शेलचे पट्टे असतात. प्रत्येक पट्टा वेगळा मोजतो. खाणीतलं अवजड यंत्र एवढी निवड करत नाही; तो शेल शेवटी वीजकेंद्रात राख म्हणून निघतो. नमुने लगेच पॉलिथिनमध्ये बंद करायचे. या कोळशात ओलावा पुष्कळ; तो उडाला की प्रयोगशाळेतला आकडा जमिनीखालच्या कोळशाचा राहत नाही.

अकरा ते चार. तंबू, ताक, नोंदवही.

साडेचार. शेजारची बोअर कालच बाराकारखालच्या ताळचिरच्या हिरवट शेलला टेकली. त्याखाली कोळशाची आशा नाही, म्हणून तिथंच थांबवली. आज तिच्यात यंत्र सोडून गॅमा आणि घनता मोजतो. कोळशापाशी आलेखाच्या दोन्ही रेषा एकदम खाली येतात. कोअर जिथं चुरला होता, तिथली जाडी आता मिळते.

सात. दोन्ही बोअर कागदावर शेजारी मांडतो. अंतर चारशे मीटर, पण थर सव्वाशे मीटर खाली गेलाय. कोअरमधला कल तर जेमतेम पाच-सहा अंश. म्हणजे मध्ये भ्रंश आहे, खडक तुटून सरकलाय. कामठीची रेघही तेवढीच खाली सरकलीय, म्हणून खात्री वाटते.

पुढची बोअर या दोघींच्या मध्ये. नकाशावर ती जागा कपाशीच्या शेतात येते. पेरणीआधी रिग तिथून निघायला हवी, म्हणून शेतमालकाला आजच फोन लावतो.