नव्या कॅमेऱ्याची अफवा आणि फोटोग्राफरचे भांडवल

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या कापडदुकानी फोटोग्राफर मुलेही येऊन बसतात. नेरळ, कर्जत, चौक, खोपोलीकडची. त्यांच्यात एकच चर्चा : अमुक कंपनीचे नवे मॉडेल येणार आहे, मग आता पैसे घालावेत की थांबावे? आम्ही पडलो कापडवाले. कॅमेऱ्याची आमची समज ऐकीव आणि थोडी वाचीव. पण अफवेवर माल अडवून धरला की काय होते, ते सुताच्या बाजाराने आम्हाला पुरते शिकवले आहे.

निकॉनचेच पाहा. जुलै 2008 मध्ये 12.1 मेगापिक्सेलचा डी-700 जाहीर झाला. 2011 मध्ये त्याच्या जागी येणाऱ्या कॅमेऱ्याची बोलवा जोरात होती. त्या मार्चमध्ये भूकंपाने सेंदाईच्या कारखान्याला तडाखा दिला आणि ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या पुराने अयुथयाचा कारखाना पाण्यात गेला. डी-800 जाहीर झाला फेब्रुवारी 2012 मध्ये, आणि तोही 36.3 मेगापिक्सेलचा! म्हणजे कार्डे मोठी, संगणकही दमदार हवा. वाट पाहणाऱ्याचा हंगाम मात्र परत येत नाही.

मेगापिक्सेलचा आकडा हा सुताच्या काउंटसारखा आहे. वाढला म्हणून प्रत्येक कामाला तोच लागतो असे नाही. आल्बमचे 12 बाय 18 इंचांचे पान इंचाला 300 ठिपक्यांनी छापले तर 3600 गुणिले 5400, म्हणजे सुमारे 19.4 मेगापिक्सेल पुरतात. 24 चा कॅमेरा असेल तर आल्बमसाठी 45 च्या मागे धावण्याचे कारण आम्हाला तरी दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. कॅनन आणि निकॉन दोघेही 2018 मध्ये मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले. 2020 नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही. निकॉन हे काम सोडणार असे जपानच्या निक्केई वृत्तपत्राने जुलै 2022 मध्ये छापले, तेव्हा कंपनीने तो निव्वळ तर्क असल्याचे सांगितले. तरी नवे मॉडेल काही आले नाही. तेव्हा या दोन कंपन्यांच्या पुढच्या डीएसएलआरसाठी जो थांबला आहे, तो येऊन गेलेल्या गाडीची वाट फलाटावर पाहत आहे.

खरे भांडवल लेन्समध्ये अडकलेले असते. कॅननच्या 1987 पासूनच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरने नव्या मिररलेसवर फोकससह चालतात. निकॉनवाल्यांनी जपावे. कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून जुन्या एएफ-डी लेन्सना हाताने फोकस करावे लागते. वरात समोरून चालत येत असताना ते कसे जमणार? कॅमेरा बदलण्याआधी आपल्या पेटीतल्या लेन्स एकदा तपासाव्यात.

ज्याच्या हाती बुकिंग आहे आणि रक्कम बेताची आहे, त्याने जुना डीएसएलआर घ्यायला हरकत नाही. डी-700 चे शटर 1,50,000 फोटोंपर्यंत तपासलेले होते. लग्नाला 1,500 फोटो धरले तर ती 100 लग्ने झाली. म्हणून फोर्टच्या बोरा बाजारात जाताना आपले कार्ड बरोबर न्यावे, तिथेच फोटो काढून शटरची मोजणी पाहावी आणि मगच भाव बोलावा. डब्याच्या चकाकीवर जाऊ नये. थानाचा वरचा पदर पाहून आम्हीही एकदा फसलो आहोत.